पोशेऱ्याची वाफ आणि जुईचा खडक

सोमवारी माझ्या नातीची, जुईची, तेल कंपनीत मुलाखत, आणि शनिवारी मी तिला म्हणालो, "चल मोखाड्याकडच्या पोशेऱ्याला." जुईची आई माझ्याकडे बघतच राहिली. पण पोरगी आठवडाभर एकाच प्रश्नाशी झुंजत होती: घट्ट खडकात अडकलेलं तेल काढायला आत पाणी सोडावं की वायू, आणि कसं? उत्तर तिला येत होतं, साध्या शब्दांत सांगता येत नव्हतं. मागची नोकरी तिथेच हुकली.

नाशिकहून त्र्यंबकमार्गे जव्हारची एस.टी. पकडावी. पंचाहत्तरीमुळे माझं तिकीट नाही, महिला सवलतीत तिचं अर्धं. म्हणजे दोघं मिळून अर्ध्या माणसाच्या भाड्यात. घाटात कातळ दिसला आणि मला शाळेतली एक कविता आठवली. "आजोबा, दुसरं कडवं नको," जुई म्हणाली.

पोशेऱ्यात काशीबाई भेटली. मी मोखाड्याला टपाल खात्यात होतो तेव्हापासूनची ओळख. तिने मोहाच्या बिया कुटून टोपलीत भरल्या होत्या, खाली पाणी उकळत होतं. टोपली वाफेवर झाकून ठेवायची, मग तो भुगा दोन जाड लाकडांत दाबायचा, की तेल.

ती फडकं आणायला आत गेली. मला धीर कुठला? मदत म्हणून तांब्याभर गरम पाणी मीच टोपलीत ओतलं. ते फटी शोधत सरळ खाली गेलं. भुगा आतून कोरडाच, मग तेल कुठलं?

"काय केलास रं बाबा? पाणी वाट गावली का पलतंय. वाफ बारीक जागंत शिरते. मंग गप बसायचा."

"किती वेळ?" जुईने विचारलं.

"वास बदलंल तवर. तुझा आजोबा तवा पण असाच. कार्ड दारात यायच्या आधी वाचून मोकला."

दंड म्हणून दुसऱ्या टोपलीतला वाफवलेला भुगा लाकडांत मलाच दाबायला लागला. मग नाचणीची भाकरी, उडदाची आमटी. जुई मात्र वहीत लिहीत होती. पाणी भेगांतून निसटतं. वायू बारीक छिद्रांत शिरतो, तेलाला पातळ करतो; पण एका तेलविहिरीतून दुसरीकडे ढकलला तर तोही भेगांचीच वाट धरतो. म्हणून एकाच विहिरीत सोडायचा, तोंड बंद करून थांबायचं, मग तिथूनच तेल घ्यायचं. "वाफ आणि वायू एक नव्हे हं," ती म्हणाली, "पण थांबणं तेच."

मुक्काम जव्हारला, आगाराजवळच्या साध्या खोलीत. रविवारी परत.

सोमवारी मुलाखतीत तिने माझ्या तांब्याची गोष्टसुद्धा सांगितली. साहेब हसले, मग विचारलं, किती वेळ थांबायचं? "खडकागणिक वेगळं. आधी तपासावं लागेल." बुधवारी नोकरीचं पत्र आलं.

काशीबाईने दिलेलं तेल नाशिकच्या थंडीत थिजलं. मी चमच्याने कोरायला निघालो. जुईने बाटली काढून घेतली, कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवली, वर ताट झाकलं.

"बसा आता," ती म्हणाली. "आणि ती कविता म्हणा. दुसऱ्या कडव्यासकट."