बोटांपुरती वीज

थंडीवर इतका रागावणारा माणूस आर्वी तालुक्यातच काय, अख्ख्या पृथ्वीवर दुसरा नसेल, हे मी माझ्या धाकट्या मामांबद्दल शपथेवर सांगू शकतो. इतरांना थंडी वाजते. मामांचा थंडीने अपमान होतो. रोहण्याजवळ त्यांची भाजीची वाडी आहे. मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, यांच्या जुड्या मोटारसायकलवर बांधून ते वर्षानुवर्षे पहाटे आर्वीच्या बाजारात नेत आले. डिसेंबर लागला की क्लचवरची बोटं आधी लाल आणि मग पांढरी पडत. बाजारात पोचल्यावर गठ्ठ्याची दोरी त्यांना दातांनी सोडावी लागे. पण त्यांचा राग बोटांवर नव्हता, गाडीवर होता. "इंजिनले हात लाव, चटका बसते. सायलेंसर पाय भाजते. येवढी सारी गरमी रस्त्याले वाटून राह्यली, अन् जो पेट्रोल भरते तोच कुडकुडते! हा कोनता न्याय आहे, सांग मले!"

नवी गाडी घेताना त्यांनी मला सोबत नेलं, कारण मी विज्ञान शिकवतो. शोरूममधले गृहस्थ फोन चार्ज करायची सोय मोठ्या कौतुकाने दाखवत होते. मामांनी विचारलं, "फोनले थंडी वाजते का?" गृहस्थ हसले. झालं! "हसू नोका भाऊ. बाईच्या पदरासाठी जाळी देता, फोनसाठी लाइन देता, मंग मानसाच्या बोटाइनं तुमचं काय घोडं मारलं?" त्यांनी घाईघाईने एक हेल्मेट फुकट देऊ केलं. मामांनी ते घेतलं, पण लाच घ्यावी तशा चेहऱ्याने, आणि घरी येईपर्यंत धुसफुसत राहिले.

मग त्यांनी स्वतःच कामाला हात घातला. आधी घरातलं विजेवर तापणारं ब्लँकेट फाडून त्याची तार अंगाभोवती गुंडाळली आणि गाडीच्या बॅटरीला जोडली. मामी ओट्यावरून पाहत होत्या. "आता तुमाले इस्त्री करतो का चहा देतो?" त्यांनी विचारलं. अर्धा तास गाडी फिरवूनही तार गार ती गारच. घरच्या विजेचं ब्लँकेट गाडीच्या बारा व्होल्टवर तापत नाही, असं मी समजावलं, तर ते माझ्यावरच उखडले. "हे तुले मालूम होतं? मंग ब्लँकेट फाडाच्या आधी काऊन नाई सांगतलं? शिकून कायले ठेवलं मंग?"

हा टोला मला खरोखर लागला. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. कॉलेजची तीन वर्षं, प्रत्येक हिवाळ्यात, मी मामांची पाठ आणि मेथीचा गठ्ठा यांच्यामध्ये उबेत बसून आर्वीला गेलो. सगळा वारा पुढे बसणारा खातो, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात यायला भौतिकशास्त्राची पदवी लागली. त्यातच मागच्या हिवाळ्यात मामांना वळणावर क्लच दाबता आला नाही आणि ते गठ्ठ्यासकट तुरीच्या शेतात गेले. त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या मामेभावाने, स्पष्ट सांगितलं, "आता अजून एक वेळा असं झालं का चाबी माह्यापाशी. बाजार मी पाहीन." त्या दिवशी मामा जेवले नाहीत. गाडी सुटली की बाजार सुटला, आणि बाजाराविना मामा ही कल्पना मलाही करवेना.

मी कागद घेऊन बसलो. गाडी किती वीज बनवते, हेडलाइट किती खातो, उरते किती, हे सगळं मांडलं. मग कारच्या सीटखाली घालतात तशा बारा व्होल्टच्या तापणाऱ्या पट्ट्या आणल्या. आर्वीच्या एका वायरिंगवाल्याने त्या जॅकेटच्या पाठीत आणि हातमोज्यांत बसवून दिल्या, मध्ये फ्यूज टाकला. पहिल्याच दिवशी मामांनी बाजारातून फोन केला. "भाचेबुवा! गाठ बोटानं सोडली!" वर्गात शिकवताना मला दोनदा भरून आलं.

चौथ्या दिवशी गाडी रस्त्यात मेली. बॅटरी पार उतरलेली. बटण चालेना, नव्या गाडीला किकही लागू पडेना. लोक हसले, आणि मला त्या हसण्याचा जेवढा संताप आला तेवढा आयुष्यात कशाचा आला नसेल. माझं गणित चुकूच शकत नव्हतं! म्हणून पाचव्या दिवशी मी मामांच्या मागे बसून गेलो, आणि चूक डोळ्यांनी पाहिली. आमच्याकडे रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं की थांबावं लागतं, आणि गाडी बंद केली की चहा घ्यावा लागतो. चहा टाळायचा म्हणून मामा गाडी चालूच ठेवून बोलत. एकाच्या म्हशीचं, दुसऱ्याच्या जावयाचं, तिसऱ्याच्या बोअरचं, प्रत्येकी वीस मिनिटं. गाडी मंद धुगधुगत असली की वीज जेमतेम बनते, आणि जॅकेट मात्र पूर्ण दमाने ओढतं. मी सगळे वॅट मोजले होते, माणसं मोजायची राहिली होती.

"मामा, एक बटन लावून देतो. थांबले का जॅकेट बंद करजा."

"समोरचा मानूस पोरीच्या लग्नाचं सांगून राह्यला, अन् मी बटन दाबू? त्याले काय वाटन?"

"मंग थांबू नोका!"

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना दरोडा घालायला सांगितलं असावं. तरी त्यांनी आठवडाभर माझं ऐकलं. न थांबता गेले, उबेत गेले, वेळेवर पोचले. आठव्या दिवशी जॅकेट खुंटीला लावलं. "ऊब येते," ते म्हणाले, "पन लोकं पुसाले लागले, का बा मामा रागावला का आमच्यावर?" मी भांडलो, ओरडलो, अबोला धरला. ते थांबत थांबत, बोलत बोलत, पांढऱ्या बोटांनी तो हिवाळा काढत राहिले.

यंदा दिवाळीनंतर एका पहाटे अंगणातच त्यांच्या हातून क्लच सुटला. पुन्हा दाबायला गेले, बोटं मिटेनात. मामांनी स्वतःच चावी काढून मुलाच्या हातावर ठेवली आणि जॅकेट त्याच्या अंगात घातलं, कॉलर नीट केली.

आता मामेभाऊ कुठेही न थांबता जातो. बॅटरी एकदाही उतरलेली नाही. माझ्या कागदावरचा आकडा न् आकडा खरा ठरला आहे, आणि त्याचा मला काडीचाही आनंद नाही. तो परत आला की मामा ओट्यावरून विचारतात, "रस्त्यात कोन भेटलं?"

"कोनी नाई, बाबा."

"कोनी नाई म्हंजे?" मामा भडकतात. "येवढा मोठा रस्ता अन् कोनीच नाई?"

मग जरा वेळाने, आवाज खाली आणून, ते पुन्हा विचारतात, "थांबून तरी पाह्यलं का?"