सव्वासातच्या आत

बस डेपोच्या फाटकाला लागून कामगार संघटनेची दहा बाय आठची खोली. एक टेबल, एक बाक, एक कॉम्प्युटर आणि बादलीताई. बावीस वर्षं तिने गाड्या धुतल्या. एकदा सुपरवायझरने एका बाईला आईवरून शिवी दिली, तेव्हा हातातली भरली बादली तिने त्याच्या डोक्यावर पालथी केली. नाव तेव्हापासूनचं. गुडघे गेले तेव्हा गाड्या धुणं सुटलं आणि पन्नाशीत ती एका बोटाने कॉम्प्युटर शिकली, कुणाच्या बापाला न विचारता.

सकाळी सातला रात्रपाळी सुटते, सव्वासातला दिवसपाळी लागते. मधल्या पंधरा मिनिटांत दोन्ही पाळ्यांची माणसं ताईच्या दारात. कुणाची रजा, कुणाची बदली, कुणाचा दवाखान्याचा कागद. ती अर्ज भरून तिथल्या तिथे पाठवते. सव्वासातला फाटक बंद, म्हणजे विषय संपला.

पंधरा दिवसांपूर्वी कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकली आणि तेव्हापासून मशीन उघडायला बारा मिनिटं घ्यायला लागलं. खोलीचं कुलूप सातच्या आधी निघत नाही, म्हणजे उरली तीन. त्यात एक अर्ज जायचा, बाकीचे हात हलवत परत.

संघटनेचे कार्यवाह म्हणाले, "ताई, शनिवारपर्यंत बघू. नाहीतर टेबल मुख्य कचेरीत हलवू."

"ती उघडते अकराला, अन् जायला दोन बस. रातभर गाड्या घासलेलं माणूस तिथे येईल? त्यापेक्षा बंद केलं म्हणा की सरळ!"

गुरुवारी दुपारी तिने दुरुस्तीवाल्याला धरून आणलं. तो म्हणाला, "मशीन म्हातारं झालंय, ताई."

"मी पण झालेय. मला पण भंगारात घाल! आधी सांग, चालू होताना आत काय काय उठतं?"

त्याने यादी उघडून दाखवली. एकतीस नावं. वर दोन राखणदार: एक जुना व्हायरस पकडणारा, दुसरा नव्या सिस्टीमसोबत आलेला. दोघं आळीपाळीने एकाच पिशवीची झडती घेत बसलेले.

"एवढं लटांबर कुणी भरलं?" दुरुस्तीवाला हसला.

ताई हसली नाही. यादीतलं एकेक नाव तिच्या ओळखीचं होतं. तिच्याकडे कॉम्प्युटर शिकायला आलेल्या प्रत्येकाला तिने त्याच्या कामाचं पान लावून दिलं होतं, मशीन सुरू होताच आपोआप उघडणारं. बुजऱ्या माणसाला शोधत बसायला नको. जुन्या सिस्टीमने ते ओझं कसंबसं ओढलं, नवी मुळातच जड, ती बसली. आणि पंधरा दिवस ताई शिव्या देत होती सिस्टीमला.

"जुना राखणदार काढ," ती म्हणाली.

"बाकीचंही बंद करून टाकतो."

"हात लावून तर बघ! माणसांचं आहे ते. विचारल्याशिवाय इथे कुणाचं काही निघत नाही."

शुक्रवारी सात वाजता तिने बटण दाबलं आणि मशीन कण्हत असतानाच सभा घेतली.

"गुन्हेगार सापडला. मीच आहे. तुमची सोय करता करता मशीनच्या मानेवर बसले. आता नावं वाचते, ज्याला हवं त्याने हात वर करायचा. हे गाण्यांचं कुणाचं?"

मागून एक मेकॅनिक पुटपुटला, "माझं."

"इथे अर्ज भरायला येतोस का नाचायला?"

"तुम्हीच लावून दिलंत, ताई!"

खोली हसली. ताईने ते गिळलं आणि पुढचं नाव वाचलं. बघता बघता यादी ओसरली. शेवटी एका झाडूवालीने हात वर केला तो खाली घेईना. "माझं रजेचं तेवढं राहू दे, ताई. मला नाही सापडायचं."

हे भय ताईच्या ओळखीचं होतं. "काढते, पण तुझ्या पानाचं हे चित्र पडद्यावर ठेवते. दोनदा दाब. माझ्याकडे काय बघतेस, पडद्याकडे बघ."

बाईने दाबलं. एकदा हुकलं. दुसऱ्यांदा रजेचं पान उघडलं.

शनिवारी कार्यवाह घड्याळ हातात घेऊन बाकावर बसले. सात वाजता ताईने बटण दाबलं. पडदा काळा. तसाच काळा. मग चित्रं उमटली, आणि झाडूवालीने बोट पुढे करून आपलं चित्र दाबलं.

"दोन मिनिटं," कार्यवाह म्हणाले. "जमलं की!"

"जमलं नाही, जमवलं."

"बरं बाई, जमवलंत. टेबल इथेच राहील."

"ते नंतर बोलू, साहेब. तुम्ही उठा आधी, बाकावर म्हाताऱ्यांना बसू दे," ताई म्हणाली आणि पुढचा कागद ओढला. सव्वासातच्या आत नऊ अर्ज गेले. दहावा अर्धा भरून राहिला, तेव्हा त्या ड्रायव्हरला तिने फाटकाकडे ढकललं. "पळ! उद्या पहिला नंबर तुझा."