शेजवळबाईंचं गलबत

यशोधरा शेजवळ १९८६ साली अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ट्रेसर म्हणून लागली. साहेबांनी पेन्सिलीने काढलेला आराखडा टेबलावर टाचायचा, त्यावर पारदर्शक कागद पसरायचा आणि शाईच्या पेनाने रेघ न् रेघ वर उतरवायची, एवढंच काम. आयटीआयचा कोर्स करून त्या ऑफिसात आलेली ती पहिलीच मुलगी. तिचे आकडे छापल्यासारखे यायचे. रेघ चुकली तर ती ब्लेडने शाई अशी खरवडायची की कागदाला कळायचंही नाही.

पंधरा वर्षांनी कॉम्प्युटर आले. ड्रॉइंगची टेबलं भंगारात गेली. यशोधरा कॉम्प्युटरही शिकली, सहकाऱ्यांच्या आधी शिकली, पण त्या कामात तिचा जीव रमला नाही. दिवसभर माऊस सरकवून ती घरी यायची आणि आई निवडायला बसली असेल तर तिच्या पुढ्यातलं तांदळाचं ताट ओढून घ्यायची. ताट संपलं की उठायची. तिने लग्न केलं नव्हतं. वडील, धोंडिबा, गावातल्या एका मोठ्या फॅक्टरीत लाकडी खोक्यांच्या खात्यात होते, ते २००३ साली गेले. घरात त्या दोघी मायलेकी राहिल्या.

२००८ साली कारखान्याने जुनी ड्रॉइंग्ज रद्दीत काढली. त्यात एक मोठी गुंडाळी निघाली. कधीकाळी कारखाना शिडाच्या गलबतांसाठी कप्प्या बनवायचा, त्या काळातलं एका मालवाहू गलबताचं अख्खं ड्रॉइंग होतं ते. यशोधराने साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "न्या. शेल्फला खाली कागद लागतोच घरी."

तिने शेल्फला लावलं नाही. भिंतीवर टाचलं आणि आठवडाभर येता-जाता वाचत राहिली. यंत्राचं ड्रॉइंग तिला डोळे मिटून वाचता येई. पण यात एकही सरळ रेघ नव्हती. तरी मापं होती, आणि मापं आहेत म्हटल्यावर ती वस्तू बनवता येणार, असं तिला वाटलं.

लाकूड उल्हासनगरला मिळालं. तिथल्या फर्निचर बाजारात परसराम नावाच्या सिंधी व्यापाऱ्याचं प्लायवुडचं दुकान होतं. कपाटांच्या दारांना सागवानाचा पातळ पापुद्रा चिकटवतात, त्याची कातरण पोत्यात भरून तो मागे ठेवायचा. यशोधरा एक-एक पट्टी उजेडात धरून निवडायला लागली तेव्हा त्याने आधी नोकराला बघायला पाठवलं, मग स्वतः आला.

"अदी, इसका क्या करेगी? चूल में डालेगी?" बहिणीला सिंधीत अदी म्हणतात, आणि दुकानात येणारी प्रत्येक बाई त्याची अदीच असे.

"जहाज बनवणार आहे."

परसरामने तिच्याकडे नीट पाहिलं. "बना," तो म्हणाला. "पर ये वाला पट्टी मत ले. इसका रेशा तिरछा है, मुडेगा नहीं, टुटेगा."

तो बरोबर होता. पुढची सगळी वर्षं ती त्याच्याकडूनच पट्ट्या नेत राहिली. तिच्या कामाच्या वाटणाऱ्या पट्ट्या तो वेगळ्या काढून ठेवायचा.

पहिलं गलबत बनवायला चार महिने लागले. पूर्ण झाल्यावर तिने ते टीव्हीवर ठेवलं. भागीरथीबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, चष्मा लावून त्याला सगळीकडून न्याहाळलं.

"ह्याला ढुंगण न्हाई का गं?"

यशोधराला आधी राग आला. मग तिने भिंतीवरच्या ड्रॉइंगकडे पाहिलं आणि डोक्यात लख्ख झालं. गलबताचे आडवे छेद त्यात एका आकृतीत काढलेले होते. उजव्या बाजूचे छेद पुढच्या अर्ध्याचे, डाव्या बाजूचे मागच्या अर्ध्याचे. यंत्राचा भाग दोन्हीकडून सारखाच असतो, तसं धरून तिने फक्त उजवी बाजू घेतली होती. त्यामुळे तिच्या गलबताला दोन्ही टोकांना निमुळती नाळच, म्हणजे गलबताचं पुढचं टोकच, आली होती. ते कुठल्याच दिशेला मागे जात नव्हतं.

"नाही," ती आईला म्हणाली. "राहिलं."

दुसरं वाकडं झालं. तिसरं बरं झालं, पण फळ्या उन्हाळ्यात उकलल्या. चौथं तिने २०१२ साली हातात घेतलं आणि सहा वर्षं पुरवलं. तळाच्या कण्यावर बावीस फासळ्या, फासळ्यांवर तांदळाच्या दाण्याएवढ्या रुंदीच्या फळ्या. फळी वाकवायची तर तिला वाफ द्यावी लागते. यशोधरा रविवारी सकाळी इडलीपात्रात आधी इडल्या लावायची आणि त्या निघाल्या की पट्ट्या. मऊ झालेली पट्टी फासळ्यांवर बसवायची आणि सुकेपर्यंत कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवायची. दोरीवर वाळत घातलेले कपडे वाऱ्याने खाली पडायचे, कारण चिमटे सगळे गलबताला लागलेले असत. भागीरथीबाई खालच्या अंगणातून कपडे गोळा करून आणायच्या आणि पुन्हा दोरीवर टाकायच्या. २०१५ च्या डिसेंबरात त्या जिन्यात पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. त्या हॉस्पिटलमधून घरी आल्यावर वर्षभर काम बंद होतं. मग पुन्हा सुरू झालं.

गलबत पूर्ण झाल्यावर यशोधराने ते कोणाला दाखवलं नाही. लपवलंही नाही. घरी येणारा माणूस बघायचा, "छान आहे, कुठून घेतलं?" म्हणायचा, आणि ती "घरीच केलंय" म्हणायची. त्यावर लोक हसायचे आणि विषय बदलायचे.

कुमुदिनी मात्र हसली नाही. ती ऑफिसात पंचवीस वर्षं यशोधराच्या शेजारच्या टेबलावर होती आणि दोघी निवृत्त झाल्यावर बदलापूरला राहायला गेली होती. तिथल्या एका छंद मंडळाने २०२३ च्या जानेवारीत शाळेच्या हॉलमध्ये दोन दिवसांचं प्रदर्शन भरवलं. कुमुदिनीने यशोधराला न विचारता तिच्या नावाचा फॉर्म भरला आणि मग फोन केला. "आता आली नाहीस तर माझी अब्रू जाईल," ती म्हणाली. तेव्हा शनिवारी सकाळी यशोधरा गलबत मांडीवर घेऊन रिक्षाने बदलापूरला गेली.

परीक्षक तीन होते. त्यातले मुख्य श्यामकांत प्रधान. आगबोटीवर इंजिनियर म्हणून त्यांची तीस वर्षं गेली होती, आणि आता ते बदलापुरातच सोनिवलीच्या नव्या सोसायटीत राहत होते. ते गलबतापाशी आले आणि थांबले. वाकून बघितलं, मागून बघितलं.

"किट कुठल्या कंपनीचं?"

"किट नाही," यशोधरा म्हणाली.

"बाई, मला माहीत आहे ना. परदेशातनं येतात, लेझरने कापलेले भाग असतात. मीपण मागवलंय एक." त्यांनी फळ्यांच्या ओळीवरून बोट फिरवलं. "ही लाइन बघा. हाताने येत नाही एवढी एकसारखी. मिस्टर करतात का तुमचे?"

"मिस्टर नाहीत."

"मग वडील? भाऊ?"

"वडील खोक्यांच्या खात्यात होते. गेले ते, वीस वर्षं झाली."

प्रधान वाईट माणूस नव्हते. त्यांचं स्वतःचं किट घरी दोन वर्षं अर्धवट पडलं होतं, आणि जे आपल्याला तयार भाग घेऊनही जमलं नाही ते समोरच्या बाईने पोत्यातल्या कातरणीतून केलं असेल, हे त्यांच्या डोक्यात शिरायला जागा नव्हती. त्यांनी फॉर्मवर 'तयार संच, स्पर्धेबाहेर' असं लिहिलं. मंडळाच्या मुलींनी गलबत उचलून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं. तिथे जुळवलेली जिगसॉ कोडी होती.

कुमुदिनी भांडायला निघाली. यशोधराने तिचा हात धरला.

"असं कसं गप्प बसतेस गं? घरी फोटो असतील ना करतानाचे?"

"नाहीत. काढले नाहीत कधी."

ती संध्याकाळी घरी आली. भागीरथीबाईंनी विचारलं, तेव्हा तिने सांगितलं, "विकत आणलंय म्हणतात."

"कोण म्हंतं?"

"एक इंजिनियर आहे."

 भागीरथीबाई म्हणाल्या, "तुझ्या बापाच्या खात्यात असं व्हायचं. साहेबाला खोक्याची शंका आली की उघडून दावायचं. काय खिळे मारल्यात ते दिसायचं मग." एवढं बोलून त्या भाकरी थापायला उठल्या.

आई आपल्याला काही सुचवत नव्हती, तिला फक्त नवऱ्याची आठवण आली होती, हे यशोधराला माहीत होतं. पण रविवारी सकाळी तिने थर्मासमध्ये कढत पाणी भरलं, पिशवीत कापूस, चिमटा आणि जुनं ट्रेसिंगचं ब्लेड टाकलं.

हॉलमध्ये दहाच्या सुमाराला गर्दी होती. तिने गलबत खिडकीकडून आपल्याकडे वळवलं, कढत पाण्यात कापूस भिजवला आणि उजव्या कुशीतल्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवला. सरस मऊ पडायला दहा मिनिटं लागतात. ती उभी राहिली. लोक कोड्यांकडे बघून पुढे जात होते. दहा मिनिटांनी तिने ब्लेडचं टोक फळीखाली घातलं.

"अगं, काय करतेस?" कुमुदिनी धावत आली. "सहा वर्षं घालवलीस त्याच्यावर!"

"सहाच फळ्या काढते. तेवढ्याने दिसेल."

पहिली फळी अख्खी निघाली. दुसरी, तिसरीही. तोवर आजूबाजूला माणसं जमली होती आणि कोणीतरी प्रधानांना बोलावून आणलं होतं. ते चहाचा कप घेऊन उभे होते. चौथी फळी मोडली. आवाज एवढासाच झाला, पण यशोधराचा हात थांबला. तिने मोडलेले दोन तुकडे रुमालावर जुळवून ठेवले आणि पाचवीवर कापूस ठेवला.

सहावी निघाल्यावर आतलं दिसायला लागलं. फासळ्या एकीमागे एक उभ्या होत्या. प्रत्येकीवर पेन्सिलीने नंबर घातलेला होता, तिच्या त्या छापल्यासारख्या आकड्यांत. ती स्वतःही ते पाच वर्षांनी बघत होती. चौदाचा आकडा जरासा तिरका होता. ती फासळी तिने हॉस्पिटलमध्ये, आईच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून घासली होती, हे तिला एकदम आठवलं. हे आपण साफ विसरलो होतो याचं तिला आश्चर्य वाटलं.

प्रधानांनी कप खाली ठेवला आणि मोबाईलचा टॉर्च लावला. बराच वेळ ते आत बघत राहिले.

"आठवी फासळी उंचीला कमी आहे," ते म्हणाले.

"हो. एक मिलिमीटर."

"खाली काय घातलंय?"

"लग्नपत्रिका. कापून."

"कोणाची?"

"लक्षात नाही. जाड कागद होता."

प्रधानांनी टॉर्च बंद केला. फॉर्म मागवला, आपली ओळ खोडली आणि खाली सही केली. गलबत पुन्हा मधल्या टेबलावर आलं. पण मंडळाचा नियम असा होता की परीक्षणाच्या वेळी वस्तू अखंड पाहिजे. बाकीचे दोन परीक्षक नियमावर अडून बसले. पहिलं बक्षीस सुपारीच्या बाहुल्यांना गेलं. यशोधराला उत्तेजनार्थ मिळालं, एक प्रमाणपत्र आणि तुळशीचं रोप. तिला घरी सोडायला निघालेली कुमुदिनी सगळ्या वाटेभर मंडळाला नावं ठेवत होती. यशोधरा अधूनमधून हो म्हणत होती. तिच्या डोक्यात चौथी फळी होती. लाकडाचा रेशा सरळ असूनही ती का मोडली असावी, हे तिला कळत नव्हतं.

काढलेल्या फळ्या परत बसल्या नाहीत. पाण्याने फुगून सुकताना त्या आखडल्या होत्या. नव्या बनवता आल्या असत्या, पण तिने तशाच सोडल्या. घरी येणारे लोक आता आधी त्या भोकातून आत बघायचे आणि नंबर मोजायचे. "कुठून घेतलं?" असं विचारायचे नाहीत.

मार्चमध्ये एका मंगळवारी दुपारी दारावर प्रधान उभे. हातात मोठा खोका होता. भागीरथीबाई लेकीला आत घेऊन गेल्या.

"ह्योच का त्यो?"

"हो."

"च्या द्यायचा का न्हाई?"

"दे."

प्रधानांनी चहा घेतला, खोका उघडला. आत त्यांचं किट होतं, फासळ्या लावलेलं आणि मग सोडून दिलेलं. पुढच्या वळणावर फळ्या बसत नाहीत, मोडतात, असं ते म्हणाले. यशोधराने इडलीपात्र गॅसवर ठेवलं. त्या दुपारी प्रधानांनी सात पट्ट्या मोडल्या. आठवी वळली. ती चिमट्यांनी धरून ते बसले होते, डोळे पट्टीवरच ठेवून म्हणाले, "मी त्या दिवशी घाई केली."

"हो," यशोधरा म्हणाली. "चिमटा जरा खाली घ्या. तिथे सुटतोय."

तेव्हापासून ते एक मंगळवार आड येतात. जास्त बोलणं होत नाही. त्यांना पितळेचं काम चांगलं येतं, म्हणून यशोधराच्या नव्या मचव्याचा, म्हणजे मासेमारीच्या होडीचा, नांगर त्यांनी करून दिला. तो पहिल्यांदा मोठा झाला. तिने माप दाखवून परत दिला. त्यांनी न कुरकुरता दुसरा केला.

गेल्या वर्षी मंडळाने यशोधराला परीक्षक म्हणून बोलावलं. ती गेली. टेबलापाशी जायची, हातातला फॉर्म खाली ठेवायची आणि विचारायची, "हे कसं केलंत?" मग समोरचा माणूस सांगायला लागला की पूर्ण ऐकून घ्यायची. वारली चित्रं काढणाऱ्या एका बाईंनी तिला तांदळाचं पीठ किती पातळ असावं लागतं ते पाऊण तास सांगितलं. प्रमुख पाहुणे व्यासपीठावर बसून राहिले, आणि बक्षीस समारंभ दोन तास उशिरा सुरू झाला.