गाडीखालचा पुठ्ठा

पंडित कौतिक देवरे यांनी एकतीस वर्षं एस.टी. चालवली आणि एवढ्या वर्षांत कुणाला खरचटूही दिलं नाही. धुळे डेपोत त्यांची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. गाडी ताब्यात घेण्याआधी ते वाकून तिच्या खाली बघायचे. जमिनीवर ओल दिसली की बोट लावायचे, अंगठ्याशी चोळायचे, नाकाशी न्यायचे आणि सांगायचे, "हे इंजिनाचं नाही, गिअरचं ऑइल आहे. वास बघ." ब्रेकचं ऑइल गळत असेल तर सरळ सहीच करत नसत. मग कंट्रोलर ओरडो, नाहीतर प्रवासी ओरडोत.

अशा माणसाची बायको तानुबाई. धुळ्यातल्या दोन खोल्यांच्या घरात तिनं डबे भरले, दोन मुली वाढवल्या, त्यांची लग्नं लावून दिली. नवऱ्यानं चालवलेल्या गाडीत ती आयुष्यात सात-आठदा बसली असेल, तीही चाळीसगावच्या नाहीतर दोंडाईच्याच्या लग्नांना, गर्दीत मागे कुठेतरी. नवरा जाळीपलीकडे. त्याच्याशी बोलायची सोय नव्हती.

एकोणनव्वद सालच्या फेब्रुवारीत पंडितनाना निवृत्त झाले आणि पंधरा दिवसांत मोटार घेऊन आले. आग्रा रोडवरचे कापडवाले रिखबचंद शेठ यांची ती जुनी गाडी. बाटलीसारखा हिरवा रंग, हँडलजवळचा गिअर, अठरा वर्षं वापरलेली. शेठजींनी काही लपवलं नव्हतं. "नाना, जुनी आहे, थोडी गळते. तुमच्या हातात नीट होईल," असं ते स्वतःच म्हणाले होते.

तानुबाईनं ओवाळलं, बॉनेटवर कुंकू लावलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. गाडी जागची हलली नव्हती, तरी दहा मिनिटं बसून होती. उतरल्यावर म्हणाली, "अवो, झुंबरकडे जाऊत. मी पुढे बसीसनी जासू."

झुंबरबाई तिची धाकटी बहीण, फैजपूरला दिलेली. दोघींची भेट होऊन तीन वर्षं झाली होती. नानांनी लगेच कार्ड लिहिलं, "रविवारी येतो."

पण शनिवारी त्यांनी गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरला आणि रविवारी सकाळी पाहिलं तर त्यावर चार ठिकाणी डाग. पुढे काळा पातळ, मधे घट्ट आणि उग्र वासाचा, मागच्या चाकाजवळ तेलकट, आणि इंजिनाखाली नुसतं पाणी. नानांनी बाह्या सारल्या. रविवार गेला.

पुढचे पाच आठवडे ते गाडीखालीच होते म्हणा ना. इंजिनाच्या तेलाच्या चेंबरचं पॅकिंग कुजलं होतं, ते बदललं. गिअरबॉक्सचं सील बदललं. मागच्या चाकाचा ड्रम उघडला तर आतला ब्रेकचा सिलिंडर पाझरत होता. "आपण गेलो असतो तर?" असं ते तानुबाईला म्हणाले. तिनं फक्त हात जोडले. प्रत्येक दुरुस्तीनंतर नवा पुठ्ठा यायचा आणि एकेक डाग कमी व्हायचा. दोनदा त्यांना वाटलं, आता झालं. दोनदा त्यांनी फैजपूरला कार्ड टाकलं आणि दोन्ही वेळा शनिवारी बेत मोडला.

कारण पाण्याचा डाग जाईना. रोज सकाळी साडेसातला ते फिरून यायचे. पहाटे पाचला डेपोपर्यंत जायचं, जुन्या सोबत्यांबरोबर चहा घ्यायचा आणि परतायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. आल्या आल्या वाकून बघायचे तर पुठ्ठ्याच्या मधोमध तळहाताएवढी ओल. बोट लावलं, जिभेला लावलं, चक्क पाणी. रेडिएटरमधलं पाणी फारसं उतरत नव्हतं, पण जुन्या इंजिनात थोडंफार कमी होतंच. त्यांनी होज पाइप बदलले. वॉटर पंप बदलला. डाग तिथल्या तिथे. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. जेवतानाही त्यांचं लक्ष ताटात नसे.

"अवो, कव्हय जासूत?" एके दुपारी तानुबाईनं विचारलं.

"गळनं थांबू दे, मंग."

"थोडी गळी तर गळी. रस्तावर बठ्ठ्या गाड्या गळतस."

"रस्त्यात इंजिन तापलं तर? उन्हाळा लागला आहे. तुला घेऊन कुठं उभा राहू?"

ती म्हणाली, "आते काय गळस तिन्हामा?"

नाना पाना पुसत होते. वर न बघता म्हणाले, "तुले नही समजाव ते."

त्यात राग नव्हता. घरात असं बोलणं रोजचंच होतं. तानुबाई आत गेली आणि भाकरी थापायला बसली.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी नानांनी रेडिएटरच काढला. कारागिराकडे नेऊन पाण्याच्या टाकीत बुडवून पाहिला. कारागीर म्हणाला, "नाना, एक बुडबुडा नाही. रेडिएटर साबूत आहे." नानांना पटलं नाही. घरी आणून त्यांनी तो ओट्यावर ठेवला, उद्या पुन्हा बघू म्हणून.

मंगळवारी फिरून आले तर दारात गर्दी. तानुबाई मोरीजवळ पडली होती, छातीला हात लावून. शेजारची मंजुळाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. नानांनी खुंटीवरची किल्ली ओढली, धावत गाडीपाशी आले, आणि ओट्यावरचा रेडिएटर दिसला तसे जागच्या जागी उभे राहिले.

कुणीतरी रिक्षा आणायला पळालं. सकाळची वेळ, रिक्षा मिळायला वेळ लागला. दवाखान्यात डॉक्टरांनी पापणी उघडून पाहिली आणि म्हणाले, "वाटेतच गेल्या."

झुंबरबाई त्याच संध्याकाळी आली. एस.टी.नं, दोन गाड्या बदलून. तिनं बहिणीच्या पायांवर डोकं ठेवलं ते किती वेळ उचललं नाही. मुलीही आल्या. तेरावं होईपर्यंत घर भरलेलं होतं. मग मुली गेल्या. झुंबरबाई भांडीकुंडी, कपडे आवरायला चार दिवस मागे राहिली. "दाजी, मला स्टँडवर सोडा," असं ती म्हणाली तेव्हा नाना म्हणाले, "घरी सोडतो."

त्यांनी रेडिएटर बसवला, पाणी भरलं. सवयीनं पुठ्ठाही टाकला. सकाळी पाहिलं तर कोरडा. दुसऱ्या दिवशी कोरडा. तिसऱ्या दिवशीही. नानांना समजेना. कशाला हात लावला नव्हता, काही बदललं नव्हतं. काढला तोच रेडिएटर परत बसवला होता.

निघायच्या दिवशी ते काचेवरची धूळ झटकत होते. मंजुळाबाई कचरा टाकायला बाहेर आली.

"नाना, ताई गयी नि गाडीनी कळाच गयी," ती म्हणाली. "रोज सकायले तांब्याभर पाणी टाके काचवर. फडकाघाई पुसे, कुकू लावे. म्हने, बहीणना गावले जावानं शे, धूळ भरेल गाडी कसी लई जावानी?"

"रोज?" नानांनी विचारलं.

"रोज. तुम्ही फिराले गयात की लगेच."

ती गेल्यावर नानांनी आतून तांब्याभर पाणी आणलं आणि काचेवर ओतलं. पाणी घरंगळत काचेखालच्या, हवा आत घेणाऱ्या बारीक जाळीत शिरलं. बसला असली जाळी नसते, त्यांनी तिच्याकडे कधी बघितलंच नव्हतं. आतली नळी दारातल्या कडुनिंबाच्या पाल्यानं अर्धी बुजलेली असणार, पाणी हळूहळूच उतरत होतं. बऱ्याच वेळानं इंजिनाखाली एक थेंब आला. मग दुसरा. त्याच जागी.

ते तिथेच मातीत बसले. बॉनेटवर कुंकवाचा ठिपका होता. इतक्या दिवसांत रोज सकाळी तो ताजा असायचा, आणि ते त्याच्याजवळूनच वाकून खाली बघायचे. घर झाडलेलं असायचं तशी गाडी पुसलेली असायची. कोण पुसतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आणि काय गळतं, हे तिला कधी सांगितलं नाही. पाणी एवढा एक शब्द बोलले असते, तर ती तिथल्या तिथे हसली असती.

झुंबरबाई पिशव्या घेऊन बाहेर आली आणि मागच्या सीटवर बसली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. गाडी चांगली चालत होती, इंजिन तापल्याचा काटा जागचा हलत नव्हता. जळगाव ओलांडल्यावर ती म्हणाली, "तीन रविवार भरीत करं मी, दाजी. कळण्याच्या भाकरी करी ठेवल्या. दुपारपावत दारमा उभी ऱ्हाऊ. काय बिघडेल व्हतं गाडीले?"

नानांनी समोर बघत सांगितलं, "काहीच नही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तांब्या, जाळी, पुठ्ठा, ओट्यावरचा रेडिएटर. काही राखून ठेवलं नाही. आरशात पाहिलं तर झुंबरबाईनं पदर तोंडात घेतला होता आणि ती खिडकीबाहेर बघत होती. तापीच्या पुलावर तिनं एकदाच विचारलं, "तिले सांगता येत नव्हतं का तुम्हले?"

नानांनी गिअर बदलला.

फैजपूरला घरासमोर गाडी थांबली. झुंबरबाई उतरली आणि मागे न बघता आत गेली. शेजारच्या बायका बाहेर आल्या, गाडीकडे बघत उभ्या राहिल्या. नाना स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तसेच बसले. बऱ्याच वेळानं झुंबरबाई दारात आली. तिचे डोळे सुजले होते.

"उतरा, दाजी," ती म्हणाली. "जेवी ल्या."

ते उतरले, जेवले. मग त्यांनी गाडीची किल्ली झुंबरबाईच्या मोठ्या मुलाच्या, जीवरामच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "केळीच्या बागेत जायला-यायला होईल तुला. ब्रेक चांगले आहेत, सील नवी आहेत. एकही दोष राहिलेला नाही." जीवराम नको नको म्हणत राहिला. नाना पायी स्टँडकडे निघाले.