शीळ घातल्यावर

वहिनी कोंबड्यांच्या शेडमध्ये शिरली की आधी पंखे बंद करते आणि एक लांब शीळ घालते. शीळ ऐकून सगळे ब्रॉयलर पक्षी क्षणभर गप्प होतात, आणि तेवढ्या शांततेत कोणाला धाप लागली आहे ते ऐकू येतं. काल दुपारी मी तिच्यासोबत होतो. तिने शीळ घातली, शेड चिडीचूप झाली, आणि पार पलीकडच्या टोकाकडून बारीक घरघर आली, ओल्या नळीतून हवा ओढावी तशी.

"परवा नुसत्या शिंका होत्या," वहिनी हळूच म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, एका विषाणूने छाती पोखरली की दुसरा आयताच आत शिरतो."

शांतता म्हणजे सुख, असं मी आजवर धरून चाललो होतो. आता वाटतं, आपल्याला गोंगाटच सांभाळून घेतो. घरात सगळे एकदम बोलत असतात, तेव्हा कोणाचा श्वास अडकतोय हे कुठे कळतं?

"वहिनी, परत एकदा," मी म्हटलं.

तिचे ओठ कोरडे पडले होते. तरी तिने शीळ घातली. या वेळी घरघर नुसती टोकाकडून आली नाही. ती आमच्या पायांपाशीच्या पक्ष्यांतूनही येत होती.