जास्त दिव्यांचा कंप्रेसर

साठीच्या अल्लड वयात मी एक गाढवपणा केला. सिंदी गावचा साउंडवाला गिऱ्हाइकाला आधी गायला लावतो, डोळे मिटून ऐकतो, मगच मशीन दाखवतो. माझं भजन ऐकून त्याने दोन बटनांचा जुना, स्वस्त कंप्रेसर पुढे केला. "मोठा-बारीक आवाज सारखा करते, काकू. थोडंसंच फिरवजा." मी मात्र जास्त दिव्यांचा महागडा आणला आणि सगळी बटनं शेवटपर्यंत पिळली. स्पर्धेला पाठवायच्या रेकॉर्डिंगमध्ये माझी धाप आणि आमच्या मंडळाच्या ढोलकवालीला हळूच हासडलेली शिवी, दोन्ही अभंगाइतक्याच खणखणीत उमटल्या.

रडवेली होऊन परत गेले. त्याने न हसता सगळं ऐकलं, कानामागचा स्क्रू पिळायचा पेचकस काढून जुना कंप्रेसर जोडला नि म्हणाला, "भजन पुन्हा म्हना, काकू. पन शिवी भल्ली सुरात लागली हाय, थे पुसू नोका."