सांगून जाण्याचा हक्क

खोडाळ्याच्या, जामसरच्या, वावरच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखे घाट उतरून खाली आलेल्यांनो,

ज्या पहाटे मी खोडाळा सोडले, त्या पहाटे आमच्या घरात कोणी कोणाचा निरोप घेतला नाही. आईने नागलीची भाकर फडक्यात बांधून दिली आणि ती चुलीकडे तोंड करून बसली. वडील फाट्यापर्यंत आले. ते सावकाराकडे गडी होते आणि पुढच्या हंगामापासून मीही त्याच गोठ्यात राबावे, असे सावकाराने परस्पर ठरवून टाकले होते. वळणावर ट्रकचे दिवे दिसताच मी पाया पडायला वाकलो. वडिलांनी दंडाला धरून मला उभे केले.

‘येतो म्हणू नको,’ ते म्हणाले. ‘सांगून जाणाऱ्याला मालक धरून ठेवतो. नाय सांगता जाय.’

वेठबिगारी नष्ट करणारा कायदा तेव्हा अस्तित्वात होता. तो मोखाड्याचा घाट चढून आमच्या फाट्यापर्यंत आला नव्हता, एवढेच. भिवंडीत दिवसा जळालेल्या विजेच्या मोटारींतून तांब्याची तार उपसायची आणि संध्याकाळी वाचनालयात बसायचे, असे करत तो कायदा मी कलमवार वाचला. तेव्हा आलेला राग आजतागायत उतरलेला नाही. सावकाराला मी पत्र लिहिले. तहसीलदारांना लिहिले. उत्तर आले नाही म्हणून स्मरणपत्रे लिहिली. पुढे वडील मोकळे झाले. ते माझ्या पत्रांमुळे, की सावकाराच्या मुलांनी जमीन विकून शहर गाठल्यामुळे, हे मला कधीच कळले नाही.

आज त्याच भिवंडीत माझा मोटार रिवाइंडिंगचा कारखाना आहे. यंत्रमागांच्या, पंपांच्या जळालेल्या मोटारी येतात, त्यांतली जुनी तार काढून नवी भरली जाते आणि त्या पुन्हा फिरू लागतात. कामगार जवळजवळ सगळे आपल्या डोंगरातले. त्यांना मी तार भरायला शिकवले, दरपत्रक करायला शिकवले, गिऱ्हाइकाने आवाज चढवला तर मान खाली न घालता उत्तर द्यायला शिकवले. हल्ली व्यापारी मंडळांच्या सभांत यालाच ‘टॅलेंट डेव्हलपमेंट’ म्हणतात, आणि सोसण्याला ‘रेझिलियन्स’. त्यावर भाषणे होतात. भाषणानंतर चहा घेताना मला ऐकवले जाते, ‘शेठ, तुमची जव्हारची पब्लिक काम झकास करते, पण टिकत नाही. आवणी आली की गायब!’

माझे रक्त तापते ते या वाक्याने. आणि त्याहून तापते ते वाक्य खोटे नसल्यामुळे. आवणी, म्हणजे भाताची रोपे लावण्याचे दिवस, आली की माझी बाके रिकामी पडतात. कोणी रजा मागत नाही, कोणी भांडत नाही. आदल्या संध्याकाळी तुम्ही हात धुऊन हसत जाता आणि सकाळी नसता. नेमणूकपत्रात महिन्याच्या पूर्वसूचनेचे कलम आहे. ते मी स्वतः घातले आहे. त्या कलमाचा हवाला देऊन मी तुमच्या घरी रजिस्टर पत्रे धाडली. एका घरी माझ्या लिफाफ्यात काकडीचे बी ठेवलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे.

जामसरची यमुना तशी नव्हती. भरलेल्या तारेवर वार्निश चढवायच्या कामाला आलेली ही मुलगी सगळा कारखाना शिकली. गेल्या साली माझे ऑपरेशन झाले, तेव्हा तिनेच तो चालवला. माझ्यामागे तिनेच तो चालवावा, हे मी मनाशी पक्के केले होते. तिला सांगितले मात्र नव्हते.

यंदा ज्येष्ठात, एका गिरणीच्या मोठ्या कामाच्या मोटारी नुकत्याच उतरल्या होत्या. यमुना केबिनमध्ये आली. बसली नाही.

‘काका, मी काम सोडतेय.’

‘कोणी फूस लावली?’

‘कोणी नाय. जव्हारला दुकान टाकायचं हाय. आपल्याकडचा पंप जळला कं लोक नाशिकला वाहून नेतात, तवर बाया डोक्यावरून पाणी आणतात. महिनाभर हाय मी इथं. तुमचंच कलम हाय.’

मी उठून उभा राहिलो. कृतघ्न म्हणालो. कारखाना तिच्या हाती द्यायचा होता, हेही त्या संतापातच बोलून गेलो. ‘आणि तिथे बाई मोटार भरते म्हटल्यावर लोक हसतील,’ असे वर सुनावले.

‘इथं नाय हसले? तुम्हीच पयले हसले होते.’

‘मग न सांगता जायचं होतंस! सगळे जातात तशी!’

बाहेरची यंत्रे थांबली होती. सगळे ऐकत होते. यमुनेने टेबलाची कड घट्ट धरली.

‘नाय सांगता गेले असते तं तुम्ही पळाली म्हटलं असतं. मी पळत नाय, काका. मी जातेय.’

ती गेली आणि मी खुर्चीत बसलो. फाट्यावर वडिलांनी जे सांगितले, तेच मी आत्ता ओरडून सांगितले होते. फरक इतकाच, की वडील ते मालकाच्या धाकाने म्हणाले होते आणि इथे मालक मी होतो. इतकी वर्षे तुम्ही ज्याच्यापासून न सांगता निघत होता, तो कोण, याचे उत्तर मला कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात सापडले नसते. तुमच्यावरचा माझा राग त्यामुळे गेलेला नाही. त्याला आता एक वाटेकरी मिळाला आहे, मी स्वतः.

पहिले काही दिवस मी यमुनेशी केवळ लेखी बोललो. तिनेही लेखी उत्तरे दिली, माझ्याहून कमी शब्दांत. महिना तिने पुरा भरला. तिच्या जागी कुर्लोदचा सोमा तयार केला. मी अनुभवाचा दाखला सही करून दिला, तेव्हा तिने तो उभ्याने पूर्ण वाचला आणि मगच घेतला. हेही मीच शिकवलेले.

मग आवणी आली. गिरणीचे निम्मे काम बाकावर उघडे पडलेले. उद्या सकाळी इथे कोणी नसणार, हे धरूनच मी पुन्हा पत्रे लिहायला लेटरपॅड पुढे ओढले होते. तेवढ्यात दारात गर्दी झाली. पुढे सोमा, घामाघूम.

‘काका, आवणीला जायाचं हाय. यमुनाताय बोलली, सांगून जायाचं.’

मागून कोणीतरी त्याला ढोसले, ‘कवा येणार ते बोल ना रं, येड्या!’

‘आणि गिरणीचं काम माझा बाप करणार?’ मी गरजलो.

सोमा मागे सरला नाही. ‘अर्धे आज जातो. ते आले कं बाकीचे. आम्ही ठरवलंय. काम थांबणार नाय.’

मी लेटरपॅड बाजूला सारले. त्याने परतीचा दिवस सांगितला, मी होकार दिला. एकेक जण बाहेर पडला. दारातून सोमा वळला.

‘येतो, काका.’

खोडाळ्यातले आमचे घर आज बंद असते. मी गेलो की कुलूप काढतो, झाडलोट करतो आणि परत लावतो. आपले घर कोणते, असे कोणी विचारले की मी आजवर त्या कुलपाकडे बोट दाखवत आलो. पण हा एक शब्द मला तिथून निघताना उच्चारता आला नव्हता, आणि इथे, वार्निशच्या वासात, एक पोरगा माझ्या तोंडावर तो म्हणून, कोणी दंड न धरता, दारात उभा होता.

‘ये,’ मी म्हणालो. आवाज चढलेलाच होता. तो उतरायला वेळ लागेल.